खालची फळी: मुलांच्या हाताला येईल अशी खेळण्यांची मांडणी (तुमचे अनुभव लिहा)

चिपळूणची लेक

काल आईचा फोन आला. चिपळूणचं स्वयंपाकघर नवीन करायला काढलंय, आजीची मांडणी देऊन टाकू का म्हणून विचारत होती. मी "नको, थांब" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ नुसती बसून राहिले.

त्या मांडणीची सगळ्यात खालची फळी माझी होती. वरच्या फळ्यांवर पितळेचे डबे, तांब्या-भांडी. खालची आजीने माझ्यासाठी रिकामी केलेली. तिच्यावर लहान सूप, चिंचोक्यांचा डबा, दोन करवंट्या, एक पळी आणि माझ्या हाताएवढं लाटणं. बस, एवढंच. सकाळी ती भाकऱ्या थापायची आणि मी तिच्या पाठीमागे बसून चिंचोके पाखडायचे. कोणी "खेळ गं" म्हणायचं नाही, कोणी बघायचंही नाही. झालं की आजी म्हणायची, "ज्याची जागा त्याला दे." मग सूप भिंतीला टेकवून, पळी करवंटीत. डबा ओढताना माझा हात जिथे घासायचा तिथला हिरवा रंग उडून आतलं लाकूड दिसायचं. आईने व्हिडिओ कॉलवर दाखवलं, अजून तस्संच आहे. २००५ च्या आणि २०२१ च्या, दोन्ही पुरांत ती मांडणी पाण्याखाली होती, तरीही.

इकडे पुण्यात माझी लेक अडीच वर्षांची आहे. तिची सगळी खेळणी एका मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात असतात. ती टब उपडा करते, ढिगाऱ्यात दोन मिनिटं हात फिरवते आणि "आई, चल" म्हणून माझी ओढणी ओढते. खेळणी आजीने मला दिली त्याच्या दसपट आहेत, रमणं मात्र नाही. माँटेसरी शेल्फ, म्हणजे मुलाला आपलं आपण घेता येईल असं बुटकं, उघडं शेल्फ, बघायला लागले तर इतके प्रकार की डोकं भणभणलं. तुमच्यापैकी कोणी घरी केलंय का? कसलं घेतलं, काय मांडलं, मूल खरंच आपलं आपण रमलं का? सविस्तर लिहा, तुटक लिहा, कसंही लिहा.

गोदाकाठ

सुताराकडून करून घेतलं. १८ एमएमचा प्लाय, दोन फूट उंच, तीन फूट लांब, एक फूट खोल, दोनच फळ्या. सुतारदादा तीनदा म्हणाले, "ताई दार लावतो, धूळ बसेल." दार लावलं की सगळंच मुसळ केरात, मुलाला दिसलं पाहिजे ना. एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, कोपरे गोल करून घ्या. आम्ही सांगितलं नाही, लेकाच्या कपाळाला दोन टाके पडले. नंतर घासून घेतले, पण ती खूण राहिलीच.

जुळ्यांची आई

कुकर लावलाय, दोन शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. आमच्याकडे फळीवर एकेका ट्रेत एकेक खेळ मांडलाय, पण दोघांना नेहमी एकच ट्रे हवा असतो. बाकीचे सात ट्रे अस्पृश्य! शेवटी दोन छोटी आसनं आणली. ज्याच्या आसनावर ट्रे, त्याचा. दुसऱ्याने बघायचं, हात लावायचा नाही, ट्रे फळीवर परत गेला की मग घ्यायचा. पहिले पंधरा दिवस नुसती रडारड. आता धाकटा शेजारी मांडी घालून बसतो आणि वाट बघतो, त्याचं ते वाट बघणं बघून मलाच भरून येतं.

आणि मूग ठेवू नका. मोठ्याने नाकात घातला होता. झाल्या शिट्ट्या.

पसायदान

अगं बाई, मूग! निघाला का नीट?

जुळ्यांची आई

निघाला, डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात काढला. आम्ही दोघं मात्र दोन दिवस जेवलो नाही धड. टिश्यू रोल संपला की पुठ्ठ्याची नळी उरते ना, तिच्यातून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही, असं त्यांनीच सांगितलं. तेव्हापासून ती नळी ड्रॉवरमध्येच असते.

बालवाडीच्या ताई

मी बत्तीस वर्षं बालवाडी चालवली, आता निवृत्त आहे. चिपळूणच्या लेकी, तुझी आजी न शिकता जे करत होती ते आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं.

इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरीबाईंनी रोममध्ये सॅन लोरेन्झो वस्तीत ६ जानेवारी १९०७ ला पहिलं बालगृह उघडलं तेव्हा साहित्य कुलपात असायचं. बाई काढून देणार, बाई परत ठेवणार. एक दिवस कपाटाला कुलूप लावायचं राहून गेलं. शिक्षिका येऊन बघते तर मुलांनी आपापलं साहित्य काढून कामं सुरू केलेली! ती रागावली, माँटेसरीबाई मात्र विचारात पडल्या, की मुलाला काय हवंय ते त्याचं त्याला कळतंय. त्यानंतर कुलपाची कपाटं गेली आणि बुटकी, उघडी आली. म्हणून म्हणते, शेल्फ केवढ्याचं हा प्रश्नच नाही, मुलाला कोणाला न विचारता घेता येतंय का, एवढंच बघायचं.

आणि लाकडी महागड्या वस्तूच हव्यात असंही नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या साथीने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला, पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांना बरोबर घेऊन आदिवासी मुलांसाठी काम केलं. तिथे इटलीचं साहित्य कुठून येणार? शंख, शिंपले, बिया, पानं, खडे, तेच साहित्य. मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. माझ्या वर्गात मी चौदा मापांच्या शहाळ्याच्या आणि नारळाच्या करवंट्या घासून गुळगुळीत करून ठेवल्या होत्या. मुलं त्या एकात एक बसवायची आणि शेवटची बसली की वर बघायची. टाळ्या वाजवायच्या नाहीत तेव्हा. नुसतं बघून हसायचं. टाळी वाजवली की पुढच्या वेळी मूल टाळीसाठी करतं.

पसायदान

ताई, नमस्कार घ्या. टाळ्यांचं वाचून थबकले. मी दर दोन मिनिटांनी "वाऽ व्हेरी गुड" म्हणत असते.

श्टुटगार्टचा बाबा

एक कळकळीचं सांगणं आहे. कुठलंही शेल्फ घ्या, भिंतीला बांधा. आज नाही उद्या करू असं आमचं झालं. मुलगा दीड वर्षाचा, खालच्या फळीवर पाय देऊन वर चढायला गेला आणि अख्खं शेल्फ पुढे झुकलं. मी दोन पावलांवर होतो म्हणून धरता आलं. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पहिलं काम एल पट्ट्या. आणि जड वस्तू सगळ्यात खाली, वरती नको.

बाकी इथे जर्मनीत पाळणाघरातही सगळं बुटकं आहे. प्रत्येक मुलाचा कोट टांगायचा हूक त्याच्या खांद्याच्या उंचीवर. आमच्या घरी मीही पुस्तकांसाठी भिंतीला अरुंद पट्ट्या मारल्या, मुखपृष्ठ समोर दिसेल अशा. कणा बघून दोन वर्षांच्या मुलाला काय कळणार? आता रोज सकाळी आम्ही उठायच्या आत तो एक मराठी चित्रांचं पुस्तक घेऊन खिडकीत बसलेला असतो.

भाड्याचं घर

आमच्याकडे मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. म्हणून हापूसच्या पेट्या! फळवाल्याकडून तीन आणल्या, खिळे काढले, पॉलिश पेपरने दोन दिवस घासल्या, कुसळं हाताला लागता कामा नयेत. आडव्या ठेवल्या, एकावर एक नाही. प्रत्येक पेटीत दोन वस्तू. पडायचा प्रश्नच नाही, त्या आहेतच फूटभर उंच. वास महिनाभर येत होता, लेक पेटीत डोकं घालून "आंबा, आंबा" करायची.

मुक्काम देवगड

आमच्याकडे आता बऱ्याच बागायतदारांनी लाकडी पेट्या सोडून पुठ्ठ्याचे बॉक्स केलेत. लाकडी मिळाली तर जपून ठेवा. यंदा मोहोर उशिरा आलाय बरं का.

भाड्याचं घर

अरे देवा. म्हणजे पहिली पेटी एप्रिलअखेर?

मुक्काम देवगड

त्याच सुमारास. कळवतो.

समईची वात

आमचा मुलगा साडेचार वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. त्याच्या थेरपिस्ट ताईंनी पहिल्या भेटीत घरातल्या खेळण्यांचा फोटो मागवला आणि म्हणाल्या, एवढ्यातलं त्याला काहीच दिसत नसेल. चार वस्तू ठेवल्या, बाकी सगळं माळ्यावर. प्रत्येक वस्तूचा फोटो काढून फळीवर तिच्या जागी चिकटवला. शेल्फमुळे तो बोलायला लागला असं मी म्हणणार नाही, तसं नाही झालं. पण एक दिवस पोळ्या करता करता मला जाणवलं, घरात शांतता आहे आणि ती भीतीची नाही. डोकावले तर तो लाकडी रिंगा खांबावर घालत होता, सगळ्या घातल्या, काढल्या, ट्रे दोन्ही हातांनी उचलून फोटोवर नेऊन ठेवला. अगदी फोटोच्या रेषेला रेष लावून. पोळी जळली माझी. ती पोळी मी खाल्ली आनंदाने.

जुळ्यांची आई

वाचून डोळे भरले. त्याला खूप खूप प्रेम. तुलाही.

गोदाकाठ

+१. समई, फोटोची कल्पना उचलतेय.

डोंबिवली फास्ट

चार वस्तूंवरून आठवलं. २०१८ मध्ये अमेरिकेत टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिलं होतं. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. मी हे सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, "आम्हाला कोण दहा देत होतं?"

आमचा वन बीएचके. चपलांचा जुना रॅक धुऊन, रंगवून तोच शेल्फ केला. रॅक फारसा खोल नाही त्यामुळे ट्रे बसत नाहीत, वेताच्या परड्या बसतात. दर रविवारी दोन परड्या बदलते. ठेवणीतली परडी तीन आठवड्यांनी निघाली की नवीन आणल्यासारखी झडप घालते पोर.

सूर्यफूल

सावंतवाडीची लाकडी फळं-भाज्या कोणी ठेवलीत का? चितार आळीतून आणलीत, दिसायला फार देखणी. पण पोरगं सगळं तोंडात घालतं, रंगाची धाकधूक वाटते.

बालवाडीच्या ताई

घेताना विचारायचं, लाखेचा रंग आहे की तैलरंग. खात्री नसेल तर तोंडात घालण्याचं वय सरेपर्यंत वरच्या फळीवर शोभेला ठेव. तोवर खरंच लिंबू, खरा बटाटा, खरं वांगं परडीत दे. वासही कळतो, वजनही कळतं.

सूर्यफूल

खरं वांगं! आत्ताच दिलं. देठाला हात लावून "टोच" म्हणाला.

चिपळूणची लेक

सगळ्यांचं वाचतेय, प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचं आहे पण लेक जागी झाली. ठरलंय. मांडणी भंगारात जात नाही, पुढच्या आठवड्यात काका टेम्पोने पुण्याला पाठवतोय. सागवानी आहे, चांगलीच जड, त्यामुळे श्टुटगार्टच्या दादांचं वाचून आधी भिंतीचंच बघणार. वरच्या फळ्यांवर माझी पुस्तकं, खालची तिची. रंग परत द्यायचा का, एवढंच ठरत नाहीये.

बालवाडीच्या ताई

बाळ, खालच्या फळीला नको देऊस. तुझ्या हाताने जिथे रंग गेलाय तिथे तिचाही हात जाऊ दे. फक्त कुसळं बघून घे, आणि जुना रंग पोपडे धरत असेल तर तेवढा खरवडून टाक.

श्टुटगार्टचा बाबा

भिंत विटांची की पोकळ ब्लॉकची? ठोकून बघा. पोकळ असेल तर साधा प्लास्टिक प्लग धरणार नाही, वेगळा लागतो.

चिपळूणची लेक

ठोकून पाहिलं, पोकळच वाजतंय. लेकही आता सगळ्या घरभर भिंती ठोकत फिरतेय.