'संसार संसार': द्विरुक्ती की पुनरुक्ती?

गिरणा: बहिणाबाईंच्या 'अरे संसार संसार'वरच्या टिपणात 'द्विरुक्ती' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी खोडून 'पुनरुक्ती' केलं. बरोबर काय?

पांझरा: द्विरुक्तीच, म्हणजे तोच शब्द लागोपाठ दोनदा. पुनरुक्ती हा काव्यशास्त्रात दोष आहे. दुसरा 'संसार' काढून म्हणून पाहा, पाच अक्षरं उरतात आणि चाल मोडते. मग दोष कसा?

तापी: ते शास्त्रात. बोलताना पुनरुक्ती म्हणजे पुन्हा म्हणणं, एवढंच. शिवाय पुढची कितीतरी कडवी याच ओळीने उघडतात, मग पालुपद का म्हणू नये?

पांझरा: पालुपद कडवं संपल्यावर येतं. ही ओळ कडव्याच्या तोंडाशी आहे.

वाघूर: नावापेक्षा तिचं काम बघा. शब्दांची अक्षरं मोजा:

अरे संसार संसार (२+३+३)
जसा तवा चुल्ह्यावर (२+२+४)
आधी हाताला चटके (२+३+३)
तंव्हा मिळते भाकर (२+३+३)

तोच शब्द लागोपाठ आल्याने तीन-तीनचा ठेका पहिल्याच ओळीत कानात बसतो. तव्याची ओळ तो मोडते, चटके आणि भाकर तो परत आणतात. मोजताना दोन ठिकाणी हमखास चुकतं. 'ल्ह्या' हे एकच अक्षर, ते फोडायचं नाही. आणि उच्चारात 'संसार्' होतो म्हणून 'संसार' दोन अक्षरी धरायचा नाही, तीनच.

गिरणा: मग वृत्त कोणतं लिहू?

वाघूर: वृत्त नाही, अक्षरछंद. अष्टाक्षरी लिहा. मात्रा १३, ११, १४, १२ भरतात ('चु' लघु धरून) आणि लघुगुरूचा क्रमही बांधलेला नाही. पक्की आहे ती अक्षरसंख्या, आणि 'चुल्ह्यावर–भाकर' हे यमक.

पांझरा: अंत्यानुप्रास म्हणा, ओळींच्या शेवटी नुसता सारखा ध्वनी. यमकात तोच अक्षरसमूह वेगळ्या अर्थाने परत यावा लागतो.

तापी: अख्खा महाराष्ट्र 'यमक जुळलं' म्हणतो, तो काय चुकतो? अहिराणी ओव्यांनाही आपण हाच शब्द वापरतो.

अनेर: ही अहिराणी नव्हे, लेवा गणबोली, खानदेशातल्या लेवा समाजाची बोली! अहिराणीत क्रियापदाला 'स' लागतो: करस, जास. इथे 'मिळते' आहे.

तापी: छापताना प्रमाण रूप घातलं तर? 'चुलीवर' केलं तरी चार अक्षरं, 'तेव्हा' केलं तरी दोनच. छंद काही चोर पकडून देत नाही.

अनेर: एका क्रियापदावर कोण ठरवतंय? बहिणाबाईंचं माहेर आसोद्याचं, सासर जळगावचं. तिथल्या लेवा घरात कोणती बोली बोलतात ते ऐका.