अनुभव धागा: मुठीत मावणारे रोबो

चौथीत असताना शिंगणापूरच्या यात्रेत आजोबांनी पाच रुपयांचा रोबो घेऊन दिला. करंगळीएवढा, निळा-लाल. मान घट्ट, हात मात्र खांद्यातून गरगर फिरायचे. तो अजून आहे, डावा हात तेवढा गेला. त्याच्यामागून जमत गेलेले ११८ रोबो परवा पुसायला काढले आणि वाटलं, तुम्हालाही विचारावं. मुठीत मावणारे, अडीचशेच्या आतले कोण कोण आहेत तुमच्याकडे? कुठून आले? मोठ्या, महागड्यांचं कौतुक पुष्कळ होतं, इथे या धाकट्यांबद्दलच लिहा.

डोंबिवली
माझा जीव बम्बलबीवर. १९८४ साली हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे गाडीचे रोबो होणारी खेळणी, बाजारात आणली, तेव्हा त्यातल्या छोट्या गाड्या जपानच्या टाकारा कंपनीच्या आधीच्याच खेळण्यांतून घेतल्या होत्या. बम्बलबी त्यांतलाच, फोक्सवॅगन बीटलच्या घाटाचा. माझा लाल आहे. स्टेशनबाहेर साठ रुपयांना घेतलेला, नक्कलच. ‘रंग चुकलाय’ म्हणून भाऊ कित्येक वर्षं चिडवायचा. पुढे वाचनात आलं की ८४ मध्ये खरा बम्बलबीसुद्धा पिवळ्यासोबत लाल रंगातही निघाला होता. त्या रात्री मी भावाला फोन केला.

सांगली
सांधे सैल झाले की रोबो उभाच राहत नाही. सांध्यातला गोळा बाहेर काढा, त्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा एक पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, मगच परत बसवा. घाई केली तर सांधा चिकटून बसतो, माझे दोन गेले तसे. गोळा निघतच नसेल तर कोमट-गरम पाण्यात मिनिटभर बुडवा, प्लास्टिक थोडं नरम येतं. स्टिकर असतील तर मात्र पाणी नको. आणि उन्हात, खिडकीत मांडून ठेवू नका, पांढरे पिवळे पडतात.

मालवण
आमच्याकडे वैरी एकच, दमट हवा. प्लास्टिक टिकतं, पण आतले बारीक स्क्रू आणि पिना गंजतात, मग गुडघा करकरतो. मिरगाच्या आधी सगळे डब्यात, सोबत औषधांच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या.

योकोहामा
नोकरीमुळे सहा वर्षं इथे आहे. स्टेशनात, दुकानांच्या दारात गाचापोनची, म्हणजे नाणं टाकलं की खेळणं भरलेला प्लास्टिकचा गोळा देणारी, यंत्रं ओळीने उभी असतात. खटका फिरवला की ‘गाचा’, गोळा पडला की ‘पोन’, त्यावरूनच नाव. बांदाई १९७७ पासून या धंद्यात आहे. तीनशे येनचा गोळा तुमच्या अडीचशेत बसतो, पाचशेचा नाही! आत चार-पाच तुकडे आणि घडीचा कागद. फलाटावर गाडीची वाट बघताना रोबो जोडून होतो. गोळ्याचं रिकामं कवच टाकायला शेजारीच पेटी असते. १९८० मध्ये गंडम या जपानी कार्टून मालिकेतल्या रोबोचा पहिला जोडायचा संचसुद्धा तीनशे येनलाच निघाला होता, १/१४४ मापाचा, म्हणजे गोष्टीतला १८ मीटरचा रोबो साडेबारा सेंटिमीटरचा. स्वस्तपणा या छंदाच्या मुळातच आहे असं मला मनापासून वाटतं.

नाशिक
घरात रांगतं बाळ असेल त्यांनी एवढं पाहाच. हे बारीक हात-पाय थेट तोंडात जातात. माझे सगळे वरच्या फळीवर, झाकणाच्या मसाल्याच्या डब्यात आहेत, वाटीत एकेक. लेकासाठी नवं घेताना मी आयएसआय खूण बघते, २०२१ पासून ती सक्तीची आहे.

फलटण
तुमचा तो निळा-लाल माझ्याकडेही आहे, त्याच यात्रेतला! डोकं नाही, पण डावा हात शाबूत. पाठवतो.

(धागा सुरू करणारा)
फलटणकर, हात काल पोचला. कापसात गुंडाळून, आगपेटीत. रंग तोच, बोटांच्या खाचाही त्याच. फक्त खांद्याची खुंटी केसभर जाड निघाली. घासली तर बसेल, पण पॉलिश पेपर हातात घेऊन दोनदा खाली ठेवला. सध्या हात आणि रोबो शेजारी शेजारी ठेवलेत.