मदत हवी आहे: पावसाळ्यात सादळलेल्या सिगार ओढण्याआधी कशा वाळवाव्यात?

नमस्कार. मी फोंड्याला एका जुन्या कौलारू घरात राहतो. जहाजावर नोकरीला असलेल्या माझ्या मावसभावाने एप्रिलमध्ये रजेवर येताना वीस डोमिनिकन सिगारची एक पेटी आणि त्या ठेवण्यासाठी आतून सिडरचे अस्तर लावलेला एक छोटा ह्युमिडॉर मला भेट दिला. झाकणातल्या स्पंजला दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड पाणी पाजायचे, बाकी काही करायचे नाही, असे त्याने बजावले होते आणि मी ते काम जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावरही आज्ञाधारकपणे करीत राहिलो. घरात पापड सादळत होते, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी चढत होती आणि मी मात्र एका बंद पेटीत इमानेइतबारे पाणी घालत होतो, हे लिहिताना आता माझे मलाच हसू येते.

गेल्या रविवारी पहिली सिगार पेटवली. झुरका इतका घट्ट लागत होता की गाल दुखू लागले. पाचदहा मिनिटांत ती दोनदा विझली, एका बाजूने भरभर जळाली आणि दुसऱ्या बाजूने जागची हलेना, चवही आंबूस आणि कडवट होती. तिसऱ्यांदा पेटवल्यावर निखाऱ्यापासून बोटभर मागे वरच्या पानाला केसासारखी चीर पडली आणि पाहता पाहता ती कागदी पट्टीपर्यंत उलगडत गेली. आतला भरणा ओला असेल तर उष्णतेने तो फुगतो आणि कागदाहून पातळ असलेल्या वरच्या पानाला तो ताण सोसत नाही, एवढे मला वाचून कळले आहे. उरलेल्या एकोणीस सिगार दोन बोटांत हलक्या दाबल्या, तर त्या स्पंजसारख्या दबतात. बुरशी कुठेही दिसत नाही. ह्युमिडॉरचा आर्द्रतामापक काटा मात्र ७२ टक्के दाखवतो, म्हणजे पुस्तकी हिशेबाने सर्व काही यथास्थित आहे.

माझी खरी अडचण पुढे आहे. सिगार ओढण्याआधी एकदोन दिवस पाणी न घातलेल्या रिकाम्या लाकडी पेटीत काढून ठेवावी, म्हणजे जास्तीचा ओलावा आपोआप निघून जातो, असा सल्ला सर्वत्र मिळतो. हा सल्ला देणाऱ्यांच्या खोलीतली हवा सिगारपेक्षा कोरडी असते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. माझ्या माजघरात नवा डिजिटल मापक ऑगस्टमध्ये दुपारीसुद्धा ८८ टक्के दाखवतो. तरीही मी दोन सिगार जुन्या पेटीत तीन दिवस ठेवून पाहिल्या आणि मसाले मोजायच्या काट्यावर आधी व नंतर तोलल्या. एक १२.९ ग्रॅमची १३.२ झाली आणि दुसरी तेवढीच वाढली. वाळवायला ठेवलेली वस्तू भिजून परत आली!

मग एक सिगार पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली. दोन दिवसांनी पिशवी बाहेर काढून लगेच उघडली, तर थंड पानावर दव धरले आणि त्याखालून बांगड्याच्या हुमणाचा मंद वास आला. तो प्रयोग तिथेच थांबवला.

आमच्याकडे वातानुकूलन यंत्र एकाच खोलीत आहे आणि पावसात वीज वरचेवर जाते. अशा परिस्थितीत या सिगार वरचे पान न तडकता वाळवायच्या कशा, किती दिवस वाट पाहायची, आणि आतपर्यंत वाळल्या आहेत हे न पेटवता ओळखायचे कसे, हे कोकण किनाऱ्यावरच्या अनुभवी व्यक्तींनी सांगितल्यास मी आभारी राहीन. तंबाखूचे दुष्परिणाम मला ठाऊक आहेत आणि वर्षाकाठी चारपाचच ओढतो, तेव्हा त्या विषयावर येथे चर्चा नसावी ही विनंती.

प्रतिसाद, पुण्याहून:
डब्यात तांदूळ भरून त्यात सिगार पुरून ठेवा. भिजलेला मोबाइल आम्ही तसाच वाळवला होता.

प्रतिसाद, मडगावहून:
तांदळाचा उपाय कृपया करू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या डब्यातला तांदूळ स्वतःच ओलावा धरून बसलेला असतो, शिवाय त्याची पूड आणि वास पानाला लागतो ते वेगळेच. त्याहून मोठी भीती किडीची आहे. सिगारला टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडणारा जो तपकिरी भुंगा असतो, तोच साठवणीच्या सुक्या मिरच्यांत आणि मसाल्यांतही होतो, आणि उबदार, दमट हवेत त्याची अंडी चटकन उबतात. त्यामुळे पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांच्या, डब्यांच्या आसपासही ही पेटी ठेवू नये.

तुमच्या प्रश्नातले ७२ टक्के मला पटत नाहीत. ७२ टक्क्यांवर सिगार स्पंजासारखी होत नाही, त्यामुळे काटा खोटे बोलत असावा. एका बाटलीच्या बुचात मीठ घेऊन त्यात चार थेंब पाणी घाला, मीठ विरघळू न देता ओल्या वाळूसारखे करा आणि ते बूच व ह्युमिडॉरचा तो काटा घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत एक दिवस ठेवा. आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, कारण शुद्ध मिठाच्या संपृक्त द्रावणाचा तो गुणधर्मच आहे. काटा जेवढा कमी किंवा जास्त दाखवेल, तेवढी त्याची चूक. मात्र यासाठी आगरातले गावठी मीठ घेऊ नका. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते पुष्कळ कमी आर्द्रतेलाच पाणी ओढू लागतात. दुकानातले पाकिटातले मीठ घ्या. तुमच्या बरणीतले तेच मीठ पाझरू लागले, म्हणजे खोलीची आर्द्रता ७५ च्या वर गेली, हेही यातून तुम्हाला फुकटात कळेल.

वाळवण्यासाठी खोलीची हवा पूर्णपणे विसरा आणि सिगारसाठी एक छोटी कोरडी खोली तयार करा. रबरी कडीच्या झाकणाची, वास नसलेली काचेची बरणी घ्या आणि तिच्यात बोव्हेडा कंपनीचे, हवा ६२ टक्के आर्द्रतेवर राखणारे ६० ग्रॅमचे एक पाकीट ठेवा. ही पाकिटे हवेत ओलावा सोडतात तसा शोषूनही घेतात. एवढे पाकीट एरवी पंचवीस सिगारना पुरते असे कंपनी सांगते, परंतु तुमच्या सिगार ओथंबलेल्या असल्यामुळे एका वेळी पाचसहापेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर पाकीट फुगून बसेल आणि पुढे काही शोषणार नाही. सिलिका जेलचा मोह टाळा. त्याने वरचे पान काही तासांत वाळून आक्रसते, आत भरणा ओलाच राहतो आणि पान तडकते, म्हणजे ज्या दुखण्यावर औषध शोधतो आहोत तेच पदरी पडते. ओलावा आतून बाहेर यायला दिवस लागतात आणि तेवढे दिवस त्याला द्यावे लागतात.

वाळल्याची खूण ओळखायला तुमचा मसाल्याचा काटाच पुरेसा आहे. एकाच सिगारला बारीक कागदाची चिठ्ठी लावून ती एक दिवसाआड तोला. वजन उतरत राहील आणि एका आकड्यावर थांबेल. सलग तीन वेळा तोच आकडा आला, तर आतला आणि बाहेरचा ओलावा सारखा झाला असे समजावे. ह्युमिडॉरचे सिडरही पाणी प्यायलेले आहे, म्हणून स्पंज काढून टाका आणि ती पेटी वातानुकूलित खोलीत आठवडाभर उघडी ठेवा. वीज गेली की झाकण लावा. ज्याला स्पॅनिश सिडर म्हणतात ते ना स्पेनचे ना सिडर. ते आपल्या तुणीच्या कुळातले झाड आहे, एवढे जाता जाता सांगतो. एकदा पेटी वाळली की ऑक्टोबरपर्यंत तिच्यात पाणी घालायचे नाही.

मूळ प्रश्नकर्ता, तीन आठवड्यांनंतर:
सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. मिठाच्या परीक्षेत काट्याने ७५ ऐवजी ६७ दाखवले. म्हणजे जे ७२ मी अभिमानाने लिहिले, ते प्रत्यक्षात ८० होते.

बरणीत पाच सिगार ठेवल्या. चिठ्ठी लावलेली सिगार १२.९ ग्रॅमवरून पहिल्या चार दिवसांत १२.४ वर आली, त्यानंतर मात्र फार रेंगाळली आणि तेराव्या दिवसापासून १२.१ वर थांबली. वरच्या पानाची चकाकी थोडी कमी झाली, परंतु एकही चीर पडली नाही. मध्ये एकदा अधीर होऊन सहाव्या दिवशीच एक पेटवली होती. पहिला तृतीयांश भाग उत्तम जळाला आणि मधल्या भागाशी येताच पुन्हा झुरका घट्ट झाला. ओलावा कुठे दडून बसतो, हे त्या सिगारने तोंडावर सांगितले. काल सोळाव्या दिवशीची ओढली. ती एकदाही विझली नाही आणि राख दोन बोटे लांब होईपर्यंत टिकून राहिली.

एक शंका उरली आहे. माजघरातल्या पेटीत ठेवलेल्या ज्या दोन सिगार १३.२ ग्रॅमवर गेल्या होत्या, त्यांतल्या एकीच्या पेटवायच्या टोकाशी आतल्या पानांत हिरवट लव दिसते आहे. बाहेरचे पान स्वच्छ आहे. तिचे काय करावे?

प्रतिसाद, मडगावहून:
पृष्ठभागावरची पांढरी बुरशी पुसून चालते असे काही जण म्हणतात. टोकातून आत शिरलेली चालत नाही. ती टाकून द्या. तिच्याजवळची दुसरी सिगार बाकीच्यांत न मिसळता दोन आठवडे वेगळ्या बरणीत ठेवा.