एकदा मिनी-टीएन7 बसलेल्या स्यूडोमोनासमध्ये दुसरा का बसत नाही?

मुठाकाठ (पुणे):
नमस्कार. मुठेकाठच्या मातीतून वेगळ्या केलेल्या स्यूडोमोनास पुटिडा या जीवाणूत जीएफपीचा (हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा) मिनी-टीएन7, म्हणजे गुणसूत्रात जाऊन बसणारा डीएनएचा तुकडा (ट्रान्सपोझॉन), आणि तो बसवणारी टीएनएस प्रथिनं देणारा पीटीएनएस2 हा हेल्पर प्लाझ्मिड इलेक्ट्रोपोरेशनने (विजेच्या झटक्याने) एकत्र घातले. जेंटामायसिन या प्रतिजैविकावर भरपूर कॉलनी आल्या. आता त्याच स्ट्रेनमध्ये कॅनामायसिनवाला दुसरा मिनी-टीएन7 घालायचाय, तर प्लेट जवळजवळ रिकामी. मूळ स्ट्रेनमध्ये मात्र तो व्यवस्थित बसतो, म्हणजे डीएनए ठीक आहे. एफएलपी या एन्झाइमने जेंटामायसिनला दाद न देणारं जनुक कापून काढून पाहिलं, तरी तेच. जागा भरली म्हणून असं होतं का? आणि ज्या थोड्या कॉलनी येतात त्या खऱ्या मानायच्या का?

प्लेटवाला:
जागा भरली हे कारण नाही. टीएनएस-डी हे प्रथिन जीएलएमएस जनुकाच्या शेवटाला धरतं आणि टीएन7 त्या जनुकाच्या पुढे, स्टॉप कोडॉनपासून साधारण 25 बेसजोड्यांवर बसतो. म्हणजे धरायची खूण पहिल्या बैठकीनंतरही जशीच्या तशी असते.

अडतं ते टीएनएस-सीपाशी. टीएनएस-ए आणि टीएनएस-बी हे कापणारे आणि जोडणारे एन्झाइम. ए 5' टोकाकडचा धागा कापतो, बी 3' टोकाकडचा कापून लक्ष्याला जोडतो. पण हे दोघं आपणहून सुरू होत नाहीत. टीएनएस-डी डीएनए वाकवतं, तिथे एटीपीसह टीएनएस-सी चढतं आणि सी बसल्यावरच ए-बीला कापण्याची मुभा मिळते. लक्ष्य सापडल्याशिवाय काप नाही, म्हणून ट्रान्सपोझॉन अधांतरी सुटत नाही.

आता तुमच्या स्ट्रेनमध्ये टीएन7ची दोन्ही टोकं शेजारीच आहेत. त्यांवर टीएनएस-बी बसतं आणि एटीपीचं विघटन घडवून जवळच्या टीएनएस-सीला डीएनएवरून खाली उतरवतं. सी नाही, तर काप नाही. यालाच टार्गेट इम्युनिटी म्हणतात. टीएन7मध्ये ती लाखभर बेसजोड्यांपलीकडेही जाणवते. एफएलपीने फक्त एफआरटी या दोन खुणांमधलं जनुक जातं, टोकं तशीच राहतात. हेल्परचं प्रमाण वाढवूनही उपयोग नाही, उलट बीच वाढेल.

रेणूरंग:
वरचं बरोबर. आता कॉलनींबद्दल, कारण तिथेच लोक फसतात.

पुटिडा अँपिसिलिनला मुळातच दाद देत नाही, त्यामुळे प्लाझ्मिड आत शिरलाय का हे अँपिसिलिनच्या प्लेटवर कळणार नाही. पीसीआरच करा, आणि दोन वेगळे. एक: टीएन7च्या उजव्या टोकातला प्राइमर आणि जीएलएमएसच्या शेवटातला प्राइमर, कारण उजवं टोक जीएलएमएसकडे असतं. स्यूडोमोनास एरुजिनोसासाठी छापलेली जोडी सुमारे 270 बेसजोड्यांची पट्टी देते, पण मातीतल्या तुमच्या स्ट्रेनचा क्रम वेगळा असू शकतो. त्यामुळे जीएलएमएसचा प्राइमर आपल्या सीक्वेन्सवरूनच घ्या. ही पट्टी पहिल्या मिनी-टीएन7मुळेही येईल, म्हणून कॅनामायसिन जनुकातून निघणारा प्राइमरही लावा. दोन: प्लाझ्मिडच्या पाठीवरचा, बीएलए या अँपिसिलिन-प्रतिरोधक जनुकाचा. तो आला तर आख्खा प्लाझ्मिड क्रॉसओव्हरने जोडला गेलाय. दोन्ही कॅसेटमध्ये एफआरटी किंवा जीएफपीसारखा समान तुकडा असेल, तर हे अगदी सहज होतं. कॅनामायसिनला आपोआप टिकलेल्या कॉलनीही असतात, म्हणून डीएनए न घातलेल्या पेशींची प्लेट दरवेळी लावाच.

मुठाकाठ:
धन्यवाद, टोकांचा मुद्दा लक्षात आला. मग दोन्ही जनुकं हवी असतील तर?

प्लेटवाला:
दोन्ही एकाच मिनी-टीएन7मध्ये घालून मूळ स्ट्रेनपासून सुरू करा, हेच सर्वांत सरळ. पुटिडात जीएलएमएस एकच असतं. ज्या बर्कहोल्डेरिया जीवाणूंत दोन किंवा तीन आहेत तिथे गणित वेगळं.

वेगळंच हवं असेल तर मिनी-टीएन5 हा दुसरा ट्रान्सपोझॉन घ्या. त्याचा ट्रान्सपोझेज (कापून बसवणारा एन्झाइम) टीएन7ची टोकं ओळखत नाही, इम्युनिटी आडवी येणार नाही. तो बसतो मात्र जवळपास कुठेही, आणि लक्ष्याचे 9 बेस दुप्पट करतो. आर6के ओरिजिनचा (पिर प्रथिनाशिवाय न वाढणारा) प्लाझ्मिड एस17-1 लँब्डा-पिर या ई. कोलाय स्ट्रेनमधून संयुग्मनाने (कॉन्जुगेशनने) द्या आणि दात्या ई. कोलायला गाळण्यासाठी सायट्रेट हा एकमेव कार्बनस्रोत असलेल्या एम9 या माध्यमावर निवडा. ऑक्सिजन असताना तो सायट्रेट वापरू शकत नाही. मग काही कॉलनींची जागा आर्बिट्ररी पीसीआरने (एक प्राइमर ट्रान्सपोझॉनचा, दुसरा कुठेही चिकटणारा) शोधा आणि वाढीचा आलेख मूळ स्ट्रेनशी ताडून पाहा, नाहीतर बंद पडलेल्या एखाद्या जनुकाचा परिणाम तुमच्या घातलेल्या जनुकाच्या नावावर लागेल.