कारखानदाराला आमदारकी लढवू द्यावी का?

मांजराकाठ:
कंपन्यांनी नाव न सांगता पक्षांना देणगी द्यायचे निवडणूक रोखे सुप्रीम कोर्टानं १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवले, तेव्हा आमच्या पारावर कुणी हललं नाही. इथं कंपनीनं पक्षाला देणगी द्यायची गरजच काय? कारखान्याचा चेअरमन तोच आमदार, भाऊ जिल्हा बँकेवर, पुतण्या बाजार समितीत. देणारा नि घेणारा एकाच वाड्यात जेवतात. २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात मे उलटला तरी ऊस फडात उभा होता. माझा दीड एकर खोडवा (आधीच्या तोडीच्या बुडख्यातून फुटलेला ऊस), कारखान्यात नोंद वेळेवर, तरी तोड न आल्यानं तुरे आले. तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, चिटबॉय, रोज म्हणायचा, "उद्या तोडीची टोळी येते." शेजारच्या कार्यकर्त्याच्या फडात जानेवारीतच कोयते पडले होते. ग्रामपंचायतीला आम्ही समोरच्या पॅनलमध्ये होतो, एवढाच गुन्हा. शेवटी वरून पैसे देऊन तोडून घेतला. वजन किती घटलं, विचारू नका. एक तर कारखान्याचा वजनकाटा सांभाळा, नाही तर विधानसभा.

कळंबची सीए:
दादा, दोन गोष्टींची सरमिसळ होतीय. २०१७ आधी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची. ती मर्यादा काढली, म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा कितीही देऊ शकत होती, आणि हिशेबात पक्षाचं नाव लिहायचंही कारण उरलं नाही. तुमचा चेअरमन निदान दिसतो, दारात जाऊन भांडता येतं. न दिसणारा देणगीदार जास्त घातक.

मांजराकाठ:
भांडून बघा ताई. पुढच्या वर्षी नोंदच सापडत नाही.

जुना सभासद:
कारखाना यायच्या आधी आमच्या भागात काय होतं ते पोरांनी आजोबांना विचारावं. रस्ता, हायस्कूल, दवाखाना, सगळं त्याच्या मागं आलं. सहकारात चेअरमन पाडता तरी येतो. जे कारखाने विकले जाऊन खाजगी झाले, तिथं सभासदाचा सभेत उभं राहायचा हक्कसुद्धा गेला. आणि बंदी घातली तर बायको चेअरमन होईल. सरपंचपदाचं आपण बघत नाही का?

लातूरचा वकील:
१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय, १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. साखर आयुक्त थकबाकीची वसुली काढतात, पण जप्ती करायची जिल्हाधिकाऱ्यानं. ज्याच्या दारी जप्ती न्यायची, तोच आमदार म्हणून जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत समोर बसलेला. आता बोला.

धाराशिवकर:
सगळे राजकारण्यालाच झोडायलेत. आमच्याकडं खाजगीवाला सहकारीपेक्षा आधी पैसे टाकतो. धंदेवाला मंत्र्याच्या दारी का जातो? कारण नवा कारखाना काढायला जुन्यापासून २५ किलोमीटर हवाई अंतर लागतं. ही अट म्हणजे जुन्या मालकाला दिलेली जहागिरी. शेजारी दुसरा काटा उभा राहू द्या, तुमची टोळी आपसूक येईल.

जुना सभासद:
आणि पाणी? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, विसरलात? दर पाच कोसांवर कारखाना काढून गाळणार काय?

मांजराकाठ:
अंतराचं पटतंय, पाण्याचंही. बायको चेअरमन होईल हेही खरं, तरी बंदीचं मी मागं घेत नाही. यंदा बाहेरच्या काट्यावर वजन करून मगच गाडी कारखान्यावर लावली. चिटबॉय म्हणतो, "काका, भरवसा नाही का आमच्यावर?"