विजयदुर्गाच्या किल्ल्याजवळ ठेवायचे गलबत नेमके कसे असावे?

कसबा_किल्लेकर:
यंदा आमच्या सोसायटीतील मुलांनी दिवाळीचा किल्ला म्हणून विजयदुर्ग करायचे ठरवले आहे. माती आली, पोती आली, कुंभारवाड्यातून मावळेही आणून झाले; अडले आहे ते वाघोटन खाडीत ठेवायच्या गलबतांपाशी. बाजारात मिळणाऱ्या खेळण्यांतील जहाजांना तीन डोलकाठ्या आणि चौकोनी शिडे असतात, आणि ती आंग्र्यांच्या आरमारातील म्हणून ठेवणे मनाला पटत नाही. गलबताला दोन डोलकाठ्या असत, एवढेच मला ठाऊक आहे. त्या दोन्ही सारख्या उंचीच्या होत्या का, शिडाचा आकार कोणता, आणि गुराब (आरमारातील दुसऱ्या प्रकारची लढाऊ नौका) व गलबत यांतील फरक पाहणाऱ्याच्या चटकन लक्षात यावा यासाठी काय करावे? साहित्य म्हणून बांबूच्या काड्या, पातळ प्लायवूड आणि कापड हाताशी आहे.

जुनी_कागदपत्रे:
दोन्ही डोलकाठ्या सारख्या करू नका. सगळी गफलत तिथेच होते. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने या नौकांचे जे वर्णन केले आहे, त्यानुसार गलबत सहसा सत्तर टनांपेक्षा मोठे नसे, त्याची मागची डोलकाठी अगदी किरकोळ असे आणि पुढच्या मुख्य काठीवर एकच, पण फार मोठे त्रिकोणी शीड चढवलेले असे. ते पूर्ण वर ओढले की त्याचे टोक डोलकाठीच्याही बरेच वर जाई. प्रतिकृतीत हे एक टोक साधले, तरी अर्धे काम झाले असे समजा.

गुराब याहून मोठी. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे दीडशे टनांची, तर तीन काठ्यांची तीनशे टनांपर्यंतची असे. तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, निमुळती होऊन पाण्यावर लांबवर पुढे आलेली असे आणि तेथून दोन जड तोफा थेट समोर रोखलेल्या असत. म्हणजे केवळ डोलकाठ्या मोजून फरक कळणार नाही, नाळ आणि वल्ही पाहावी लागतील. गलबताला चाळीस ते पन्नास वल्ही असत, ती दोन्ही बाजूंना सारखी वाटून लावा. वल्हवत ते ताशी चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आसपास जाऊ शकत असे. लहान गलबतांवर चिरलेल्या बांबूंचा हलका तक्तपोशीवजा डेक असे. तुमच्याकडे बांबू आहेच, तो रंग न देता तसाच वापरा. मोठ्या गलबतांवर दोन ते चार पौंडी गोळ्यांच्या सहा-आठ तोफा असत.

शिडवाला_सिंहगडरोड:
मागची काठी एवढी लहान, तर ती हवीच कशाला, असा प्रश्न मुले हमखास विचारतील, म्हणून थोडे लिहितो. मी खडकवासल्याच्या पाण्यावर शिडाची होडी चालवायला शिकलो आणि तेथे ही गोष्ट सुकाणूवरच्या हाताला प्रत्यक्ष जाणवते. होडीच्या अगदी मागच्या बाजूला लावलेले छोटे शीड वाऱ्याने दाबले गेले की मागचे टोक वारा जिकडे जातो तिकडे ढकलले जाते आणि नाळ आपोआप वारा येतो त्या बाजूकडे वळते. मुख्य शीड कमी केले किंवा उतरवले, तरी या छोट्या शिडाच्या आधाराने नौकेचे तोंड ताब्यात राहते. वेग देण्याचे काम मोठ्या शिडाचे, तोल राखण्याचे लहान शिडाचे.

आणखी एक बारकावा. कोकण किनाऱ्यावरील पत्तेमारी किंवा मचवे या जुन्या शिडाच्या नौकांची मुख्य डोलकाठी सरळ उभी नसते, ती नाळेकडे झुकलेली असते. परबाण, म्हणजे ज्या लांब तिरक्या काठीला शीड बांधतात ती, वजनदार असते. डोलकाठी पुढे झुकलेली असली की परबाण तिला न घासता मोकळी लोंबते. वाऱ्याची बाजू बदलताना ही परबाण उभी करून डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या बाजूला घ्यावी लागते, आणि हे काम खलाशांचा चांगलाच घाम काढणारे असते. परबाण अखंड लाकडाची नसून दोन-तीन तुकडे दोराने आवळून केलेली असते, तेव्हा तुम्हीही दोन काड्या एकमेकींवर चढवून सुताने घट्ट बांधा. ते अधिक खरे दिसेल. शिडासाठी मांजरपाट घ्या आणि चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा. पांढरेशुभ्र सॅटिन कृपया नको.

कसबा_किल्लेकर:
दोघांचेही आभार. आता एकच शंका उरते. खाडीत सगळी गलबते शिडे उभारून ठेवली तर देखावा भरगच्च दिसेल, असे मुलांचे म्हणणे आहे. ते चालेल का?

जुनी_कागदपत्रे:
भरगच्च दिसेल, पण मुद्दा हरवेल. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराविषयी जे सांगितले आहे, त्यात गुराबा आणि गलबते मध्यम आकाराचीच सजवावीत आणि वाऱ्यावाचून कामाला न येणारी थोर जहाजे बांधण्याच्या भरीस पडू नये, असा स्पष्ट सल्ला आहे. वारा पडला की इंग्रजांचे मोठे जहाज जागच्या जागी खिळून राही, आणि नेमक्या त्याच वेळी वल्ह्यांची गलबते गुराबांना दोराने ओढत त्याच्या पिछाडीला नेत. तेथून गुराबांच्या तोफा जहाजाच्या डोलकाठ्या आणि दोरखंड तोडण्यासाठी डागल्या जात, आणि जहाज लुळे पडले की गलबतांतील माणसे त्यावर चढत. म्हणून एका गलबतावर शीड उभारा, दुसऱ्याची परबाण खाली घेऊन शीड गुंडाळून ठेवा आणि त्याची वल्ही पाण्यात सोडून मागे एक गुराब दोराने बांधा. पाहणाऱ्याला त्यातून लढाईची रीतच कळेल.

फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा तुळाजी आंग्रे यांचे आरमार याच बंदरात पेटून नष्ट झाले. तो प्रसंग दाखवायचा मोह मुलांना होईल. कापूस आणि लाल बल्ब लावून तो दाखवताही येतो, पण त्यासाठी गलबते एकमेकांना अगदी खेटून नांगरावी लागतील, कारण आग एकीवरून दुसरीवर पसरली होती.

शिडवाला_सिंहगडरोड:
बांधणीविषयी शेवटचे. संपूर्ण नौका कोरत बसू नका. पाण्याच्या रेषेवरचाच भाग करा आणि तो निळ्या रंगाच्या काचेवर किंवा ॲक्रिलिकवर चिकटवा. जागा उरली तर विजयदुर्गाजवळच्या गिर्ये येथील आंग्र्यांची खडकात कोरलेली गोदीही दाखवता येईल. ती खाडीच्या काठालाच घ्या, आणि तिच्यात दुरुस्तीसाठी ठेवलेल्या गलबताच्या डोलकाठ्या उतरवून बाजूला आडव्या ठेवा. त्या एका नौकेचा मात्र तळही करावा लागेल.