हंगामातली पहिली मॅच: तुमच्या आठवणी सांगा

काल दुपारी मीटिंगमध्ये बसलो होतो, मोबाइल टेबलाखाली. भाच्यानं शाहू स्टेडियमवरनं व्हिडिओ पाठवला. पंधरा-वीस सेकंदांचा असेल. त्यात बॉल कुठंच नाही. नुसती हलगी, शिट्ट्या, आणि कोणीतरी मोबाइलच्या पार कानाशी ओरडतंय, "अरं रेफ्री, चष्मा घाल की लगा!" केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, फुटबॉल लीग सुरू झाली म्हणायची. आवाज बंद करायला विसरलो होतो, त्यामुळं मीटिंगमधल्या सगळ्यांनाही ते समजलं.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो की आमच्याकडं क्लब नसतात, तालमी असतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. कुस्तीच्या आखाड्यात जमणारी पोरं फुटबॉल खेळू लागली आणि नाव तालमीचंच राहिलं. पावसाळा सरला की खेळाडू नोंदणी, मग लीग, मग एकामागनं एक चषक, ते थेट उन्हाळ्यापर्यंत.

माझे वडील मंगळवार पेठेत शिंपी. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मी शाळेत होतो तेव्हा जर्सीवर नंबर छापून मिळत नव्हते. सॅटिनचे आकडे कापून पाठीवर शिवायला लागायचे, आणि पहिल्या मॅचच्या आदल्या रात्री सगळ्यांना एकदम जाग यायची. एक-दीडपर्यंत मशीन चालायचं. दादा स्वतः एका तालमीचे कट्टर, पण गिऱ्हाईक सगळ्या तालमींचं. कोण कुठली तालीम सोडून कुठं गेला हे पेपरात यायच्या आधी आमच्या दुकानात कळायचं.

एका वर्षी पहिल्याच मॅचला रेफ्रीनं खेळ थांबवला. एका टीममध्ये दोन नऊ नंबर! दादांनी सहा उलटा शिवला होता. आणि ती टीम दादांची नव्हे, समोरची. (नावं घेत नाही, धाग्यावर मारामारी नको.) संध्याकाळी दुकानापुढं ही गर्दी. दादांनी बोलणाऱ्यांकडं बघितलं नाही. त्या पोराकडनं जर्सी मागून घेतली, उसवली, सरळ करून शिवली, दोरा दातानं तोडला आणि म्हणाले, "पुढचा." त्यानंतर मात्र दुकान बंद करेपर्यंत प्रत्येक सहाखाली ते बारीक रेघ मारायचे.

आता तुम्ही सांगा. कोल्हापूरचंच पाहिजे असं नाही.

रंकाळाकाठ
खुळ्या, एवढं रामायण लिहिलंस आणि मॅच जिंकली कोण ते सांगितलंच नाहीस.

धागाकर्ता
१-१. त्यांचा गोल त्या उलट्या नऊनंच मारला.

रंकाळाकाठ
नाद खुळा!! मग दादांनी मुद्दाम केलं नव्हतं हे सिद्ध झालं.

धागाकर्ता
आई अजून म्हणते मुद्दामच केलं होतं.

पेठेतली सून
मी मूळची साताऱ्याची, शिवाजी पेठेत दिलेली. लग्न नोव्हेंबरात झालं. डिसेंबरात एक दिवस दुपारी बाहेर बघते तर गल्लीत एक पुरुष माणूस नाही. किराणावाला नाही, इस्त्रीवाला नाही, आमचे हे नाहीत, सासरे काठी घेऊन गेलेले. माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं कुणीतरी गेलं पेठेतलं. सासूबाई शेंगा निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "फुटबाल सुरू झालं. आता मे महिन्यापर्यंत चारचा चहा आपल्या दोघींचाच." त्या चहाच्या वेळी आम्ही जेवढं बोललो तेवढं एरवी वर्षभरात बोललो नसतो. तिसऱ्या वर्षी आम्हीच दोघी मॅचला गेलो. सासूबाईंनी ऑफसाइडवर जे काय सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही.

मिसळ_विदाउट_शेव
@पेठेतली सून, शेवटचं वाक्य व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नेरुळचा पाहुणा
आमची पेठ वगैरे नाही हो, आम्ही पुण्याचे. २०१४, आयएसएलचं (इंडियन सुपर लीगचं) पहिलं वर्ष. मुंबई सिटीची घरची पहिली मॅच नेरुळच्या डीवाय पाटीलवर, समोर आमचं पुणे सिटी. चौघं मित्र दोन मोटारसायकलींवर द्रुतगती मार्ग टाळून जुन्या रस्त्यानं घाट उतरून गेलो. एकाला मुंबईचा फ्रेंच स्ट्रायकर अनेल्का बघायचा होता. तिथं गेल्यावर कळलं की त्याच्यावर इंग्लंडमधली बंदी बाकी आहे, तो खेळणारच नाही. बरं, नाही तर नाही. मग आंद्रे मोरिट्झ नावाच्या गृहस्थांनी हॅटट्रिक मारली आणि आम्ही ५-० हरलो. पाच! येताना खोपोलीला वडापाव खाल्ला, कोणी कोणाशी बोललं नाही. घाटात एकाची गाडी बंद पडली तेव्हा सगळे एकदम हसायलाच लागलो. आता क्लबच राहिला नाही. जर्सी आहे, गाडी पुसायला वापरतो. खोटं कशाला बोला, वापरत नाही, पण बायकोला तसं सांगितलंय.

बांदेकर
वरच्या प्रतिसादाला सहानुभूती. त्याच आठवड्यात आम्ही फातोर्ड्याला. एफसी गोवाची पहिली मॅच, चेन्नईविरुद्ध. बांद्याहून कदंबानं पणजी, तिथून मडगाव. कोच ब्राझीलचा झिको! माझ्या बाबांनी झिकोचा फोटो ८२च्या वर्ल्डकपच्या वेळी मासिकातून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. तो माणूस समोर शे-दोनशे फुटांवर उभा. बाबांनी मॅच बघितलीच नाही, झिकोकडंच बघत बसले. आम्ही २-१ हरलो. बाहेर आल्यावर विचारलं, कशी वाटली? म्हणाले, "थकलाय रे तो."

रंकाळाकाठ
☝️ हे लई भारी.

शिलाईवाल्या आजी
मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, नातीनं धागा वाचून दाखवला म्हणून लिहिते आहे. सॅटिनची कड फार सुटते. तुमचे वडील आकड्यांना कड आत दुमडून शिवत होते की वरून काज्यासारखा टाका घालत होते? आम्ही बँडवाल्यांचे कोट शिवायचो, त्यावर अशीच अक्षरं असत.

धागाकर्ता
आजी, मागनं खळीचं कापड चिकटवून कडेला जवळजवळ झिगझॅग. सहा आणि आठचं पोट कापताना कात्री आत घालायला आधी ब्लेडनं चीर पाडायचे. ते काम मला द्यायचे. दोनदा बोट कापलंय.

शिलाईवाल्या आजी
बरोबर करत होते. चीर आधी, कात्री नंतर.

रात्रपाळी
नाशिक. १३ ऑगस्ट २०२१. इंग्लंडच्या प्रीमियर लीगची पहिली मॅच, आपल्याकडं रात्री साडेबारा. लेक सव्वा महिन्याची. दोन तासांनी दूध, मग ढेकर, मग पुन्हा दूध. झोप तशीही नव्हतीच. म्हणून एका हातात ती आणि एका हातात मोबाइल, आवाज बंद. मी आर्सेनलवाली (हसा). समोर ब्रेन्टफर्ड, चौऱ्याहत्तर वर्षांनी पहिल्या फळीत आलेले, आणि कोविडनंतर स्टेडियम भरलेलं. आवाज बंद असूनही ती माणसं किती ओरडत असतील ते दिसत होतं. पहिला गोल पडला तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं त्यानं लेक उठली, नवरा उठला, सासरे दिवा लावून आले, "काय झालं बाळाला?" बाळाला काही झालं नव्हतं हो. २-० हरलो. ती आता शाळेत जाते आणि तिला क्रिकेट आवडतं.

मिसळ_विदाउट_शेव
धाग्यात एक तरी जिंकलेली मॅच येणार आहे का?

खासबागवाला
जिंकलेल्या मॅचची आठवण राहते कुठं भावा. जिंकलं की राजाभाऊची भेळ खाऊन घरी. हरलं की रात्रभर कट्टा.

माझं थोडं वेगळं. लहानपणापासनं स्टेडियमला जायचा माझा रस्ता केशवराव भोसले नाट्यगृहावरनं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळालं. त्यानंतर मॅचला निघालो की पाय आपोआप दुसऱ्या बोळानं जायचे. मित्र म्हणाला, काय रे लांबनं? म्हटलं, इकडं पार्किंग मिळतंय. पार्किंग कुठलं, चालत होतो.

दूरची पेठ
@खासबागवाला, माझं पहिलं नाटक तिथलंच. तिकडं खासबागेत कुस्ती, इकडं नाटक, पलीकडं फुटबॉल. एका संध्याकाळी तिन्हीकडनं टाळ्या ऐकल्यात.

नऊवारी नऊ नंबर
कोल्हापूरची पोरगी आहे म्हणून विचारतो, मॅचला बायका किती येतात आता? मी कॉलेजात असताना जात होतो तेव्हा आम्ही पाचजणी होतो फक्त.

नेरुळचा पाहुणा
"विचारतो"? "जात होतो"? 🤔

नऊवारी नऊ नंबर
कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात ओ पाहुणे. मी येतो, मी जेवतो, मी झोपतो. पुण्यात सासरी पहिल्या दिवशी "मी आलो" म्हणून घरात शिरलो तर सासू नवऱ्याला शोधायला लागली.

पेठेतली सून
😂 माझं उलटं. इथं मी "आले" म्हटलं की नणंदा नक्कल करायच्या. @नऊ नंबर, आता बऱ्याच येतात. कॉलेजच्या पोरी तर घोळक्यानं.

तालमीतला टीव्ही
लीग नाही, पण पहिलीच मॅच म्हणून लिहितो. ऑक्टोबर २०१७, सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप, दिल्लीत, समोर अमेरिका. फिफाच्या स्पर्धेत भारत पहिल्यांदाच, आणि टीममध्ये आपला अनिकेत जाधव. तालमीत टीव्ही लावला, खुर्च्या कमी पडल्या, म्हातारी माणसं आखाड्याच्या कट्ट्यावर. ३-० हरलो. शेजारच्या आजोबांना स्कोअर विचारला तर म्हणाले, "आपलं पोरगं चांगलं पळलं." अजून त्यांच्या लेखी तोच स्कोअर आहे.

मिसळ_विदाउट_शेव
हरलेली मॅच क्रमांक चार. मोजतोय.

रंकाळाकाठ
आमच्यात भाऊ एकीकडं आणि मी दुसरीकडं. लीग सुरू झाली की दोघांत अबोला. २०२० ला मार्चमध्ये कोरोनानं लीग थांबली आणि घरात बसून आम्ही दोघं इतकं बोललो की आईला काळजी वाटायला लागली. पुढं लीग पुन्हा सुरू झाली, त्या दिवशी सकाळी त्यानं आंघोळीला नंबर लावायला माझा टॉवेल बाहेर फेकला, तेव्हा कुठं आई म्हणाली, झालं बाई सगळं पहिल्यासारखं.

नातीचा फोन
मी शिलाईवाल्या आजींची नात. आजी विचारते की सहाखाली रेघ, मग नऊखाली का नाही?

धागाकर्ता
नऊलाही मारायची का म्हणून मी विचारलं होतं. दादा म्हणाले, "नऊ मी कधी चुकलो नाही."

मिसळ_विदाउट_शेव
आज चारची मॅच कुणाची आहे? यूट्यूब लिंक टाका कोणीतरी.

पेठेतली सून
टाकते थांबा, गॅसवर दूध आहे.